साखरेच्या पोटातला खडा

तमाम संबंधितांस, असंबंधितांस, वरपक्षास, वधूपक्षास आणि केवळ जेवायला आलेल्या मंडळींस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, साखर हा शब्द मुळात गोड नाही. ही बातमी ऐकून कुणास चक्कर आल्यास त्यांनी जागीच बसून घ्यावे. पाण्याचे पिंप मागच्या दाराशी आहे.

ही घोषणा मी खरोखर केलेली आहे. निपाणीतल्या एका मंगल कार्यालयात, शिट्टी मारणारा माइक हातात धरून, डोक्याला फेटा बांधून. माझ्या पुतणीचा साखरपुडा होता. आमच्या नात्यात कुठंही मांडव पडला की माइक माझ्याकडे येतो. मी बेळगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो, आणि शिकवण्याची सवय लागलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही, असा सगळ्यांचा अनुभव आहे. त्या दिवशी तर मला बोलत राहायचंच होतं. किती वेळ, ते माझ्या हातात नव्हतं. ते माझ्या चुलतभावाच्या डाव्या पायावर अवलंबून होतं.

पण पाय नंतर. आधी शब्द. त्या दिवशीही मी हाच क्रम ठेवला होता.

साखरेचं मूळ संस्कृतातल्या शर्करेत आहे, आणि शर्करा म्हणजे खडे. रेती. पायाखाली करकरणारी बारीक कच. उसाचा रस आटवता आटवता कुणा पूर्वजाच्या भांड्यात एक दिवस तळाला दाणे पडले. ते त्याने दाताखाली घेतले, वाळूसारखे लागले, आणि त्याने त्या गोड वस्तूला वाळूचं नाव देऊन टाकलं. मग हे नाव प्रवासाला निघालं. इराणात गेलं, त्याचं शकर झालं. अरबांकडे गेलं, सुक्कर झालं. अरबांनी ऊस आणि शब्द दोन्ही सिसिलीत आणि स्पेनमध्ये नेऊन लावले, आणि दोन्ही उगवले. इटलीत झुक्केरो, फ्रान्सात स्युक्र, जर्मनीत त्सुकर, इंग्लंडात शुगर. स्पॅनिश आणि पोर्तुगीज लोकांनी तर अरबांचा शब्द घेताना त्याच्या आधी लागणारं त्यांचं 'अल्'सुद्धा उचललं आणि असूकार म्हणायला लागले. लाडू दिला तर पाहुण्यानं ताटलीही पिशवीत घालावी, तसं. ग्रीकांनी मात्र हा शब्द आपल्याकडून आधीच नेला होता. त्यांच्याकडून तो रशियात पोचला, आणि तिथं साखरेला आजही साखरच म्हणतात. निपाणीच्या माणसाने मॉस्कोच्या दुकानात जाऊन "साकर द्या" म्हटलं तरी पुडी मिळेल. हे वाक्य मी माइकवरून म्हणालो तेव्हा सतरंजीवरून एक म्हातारबाबा ओरडले, "आनि जेवाण कवा मिळंल, त्ये बी सांगा की मास्तर!"

सगळे हसले. मीही हसलो. माझं लक्ष मंचाच्या कोपऱ्यात बसलेल्या अण्णाकडे होतं.

अण्णा म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा मुलगा. निपाणीपासून जवळच त्याचं गाव. सगळी नोकरी त्यानं एका साखर कारखान्यात पॅनमन म्हणून केली. रस आटतो त्या भल्यामोठ्या बंद भांड्याला पॅन म्हणतात. त्याच्या काचेला डोळा लावून आत दाणा कधी पडतो, किती वाढतो, कधी उतरवायचा, ते बघणारा तो पॅनमन. त्याच्या अंगाला कायम मळीचा वास यायचा, आणि त्याच्या घरी मिळणारा चहा इतका गोड असायचा की प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटायचे. माळ्यावर कारखान्याकडून सभासदांना मिळणाऱ्या साखरेचं पोतं असे. त्या घरात साखर कमी आहे, असं कधी कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

मग तिथं दुसरी साखर आली. ती आधी वहिनींनी ओळखली. "भावजी," त्या मला म्हणाल्या, "न्हाणीत मुंग्या लागत्यात. ह्यांनी आंगुळ केली की न्हाय, पर बाकीचं आटपलं की लागत्यात." मी अण्णाला बेळगावला आणून रक्त तपासून घेतलं. निघाली.

आमच्याकडे मधुमेह कुणाला होत नाही. मधुमेह सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर असतो. माणसाला होते ती शुगर. जो शब्द इथून अंगावरच्या कपड्यानिशी गेला, तो साऱ्या युरोपात फिरून, सूटबूट घालून परत आला आणि त्यानं आपल्या सख्ख्या बहिणीला ओळखही दाखवली नाही. साखर तोंडात घालायची, शुगर तोंडातून काढायची नाही. कन्नड बोलणारा शेजारी घरातल्या डब्याला सक्करे म्हणतो, पण रोगाला तोही शुगरच म्हणतो, आणि तोही हळूच म्हणतो. आमच्या सीमाभागात कोणत्या पाटीवर कोणत्या भाषेत काय लिहावं यावर माणसं हमरीतुमरीवर येतात. या एका शब्दावर मात्र दोन्हीकडची माणसं सारख्याच खालच्या आवाजात बोलतात.

अण्णा सुरुवातीला नीट गोळ्या घ्यायचा. गावच्या मेडिकल दुकानातून महिन्याच्या पट्ट्या आणायचा, बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि प्रत्येक घोटाला शिवी द्यायचा. त्याला एकच मुलगी. शिकलेली, बेळगावात एका ऑफिसात नोकरीला, तिथंच राहणारी, दिसायला आईसारखी आणि बोलायला, दुर्दैवानं, माझ्यासारखी. तिला खानापूरकडचं एक स्थळ आलं. मुलगी पसंत पडली. बोलणी व्हायची तेवढी बाकी होती, आणि मध्यस्थाकडून निरोप आला की नको.

कारण कळायला वेळ लागला. आमच्या भागात सोयरीक ठरण्याआधी चौकशी होते. वरपक्षाचा एखादा माणूस बैल बघायला म्हणून, नाहीतर बियाणं विचारायला म्हणून मुलीच्या गावात येतो. चहाच्या हॉटेलात बसतो, दाढी करून घेतो, आणि शेवटी मेडिकल दुकानात जाऊन डोकं दुखायची गोळी मागतो. गोळी घेता घेता विचारतो, ते अमके अमके कसे आहेत हो? आमचा मेडिकलवाला मनानं अगदी साफ. त्यानं अण्णाची भरभरून स्तुती केली. "लई टापटीप मानूस! शुगरची पट्टी कंदी म्हैना चुकवत न्हाईत." त्या स्तुतीनं स्थळ बुडालं. निरोप असा होता: घराण्यात शुगर हाय म्हणं, उद्या पोरीला झाली, तिच्या पोरांस्नी झाली, तर कुणी निस्तरायचं?

पोरीला हे कारण कुणी सांगितलं नाही. पत्रिका जुळली नाही, असं सांगितलं. अण्णा त्या दिवशी परड्यात शेवग्याखाली बसला होता. मी गेलो तर म्हणाला, "माझं रगात नासकं निघालं रं. तिचं नशीब म्या नासवलं."

"अण्णा, डॉक्टर म्हणाले ते ऐक. ह्यो आजार घरोघर हाय."

"घरोघर हाय, तर मग माझ्याच घराला का नाव ठेवलं?"

वक्तृत्वाची माझ्याकडे कपाटभर बक्षिसं आहेत, पण त्यातलं एकही अशा प्रश्नासाठी मिळालेलं नाही.

पुढचं स्थळ सांबऱ्याचं आलं. मुलगा बेळगावात कारखान्यात, घरची भातशेती, माणसं हसरी. बेळगावात एकदा भेटून पोरीलाही मुलगा आवडला. सुट्टीला घरी आल्यावर फोनवर बोलताना ती हसत अंगणात फेऱ्या मारायला लागली, तेव्हाच वहिनींनी ओळखलं. आणि अण्णानं कुणाला न विचारता एक निर्णय घेतला. शुगर पार उतरली, असं मेडिकलवाल्याला सांगून त्यानं मेडिकलची पायरी चढायची बंद केली. गोळ्या बंद.

मला कळलं तेव्हा मी भडकलो. "मी बेळगावातनं पाठवतो की! तुमच्या गावात घेऊ नको."

"आणि रिकामी पट्टी उकिरड्यावर कुणाला घावली म्हंजे?"

"जाळून टाक."

"धूर निघतो," अण्णा म्हणाला, आणि ते त्यानं अगदी गंभीरपणे म्हटलं.

एवढ्यावर तो थांबला नाही. चौकशीला येणारा माणूस आधी हॉटेलात बसतो, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो रोज सकाळ-संध्याकाळ एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन, बाहेरच्या बाकावर बसून, रस्त्याच्या पलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "जरा गोड कर रं! माझ्या चाला साकर कमी पडती तुझी!" दर गुरुवारच्या बाजारात तो उभ्यानं जिलेबी खायचा. जन्मात नाटकात काम न केलेल्या माणसानं असा निरोगी माणूस वठवला की मला हेवा वाटावा. घरी आल्यावर तो तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचा. मुंग्या परत आल्या होत्या. वहिनी रोज न्हाणी फिनेलनं धुवायच्या.

सांबऱ्याची मंडळी मुलगी बघायला आली तेव्हा मी होतो. होणारे व्याही म्हणजे भरघोस मिशांचा, खोलीत शिरला की खोली भरून टाकणारा माणूस. वहिनींनी तुपात थबथबलेला शिरा केला होता. व्याहीणबाईंचा उपवास निघाला. त्यांच्या दिराचा दात दुखत होता. व्याही म्हणाले, "आमी घरनंच लई खाऊन आलोय ओ," आणि चहा तेवढा घेतला, बिनसाखरेचा. खिशातून एक चिमुकली डबी काढून त्यांनी ती कपावर उपडी धरली आणि टिचकी मारून दोन बारीक गोळ्या चहात पाडल्या. मी बघतोय असं दिसल्यावर म्हणाले, "होमिपदी. पोटासाठी." अण्णानं मात्र शिऱ्याच्या दोन वाट्या सगळ्यांसमोर संपवल्या आणि तिसरी मागितली.

ते गेल्यावर वहिनींचा चेहरा पडला. "शिऱ्याला कुणी हात सुदिक लावला न्हाय, भावजी. आपलं घर बसलं न्हाय त्यांच्या मनाला." पण होकार आला. साखरपुडा निपाणीत करायचं ठरलं.

त्यानंतर अण्णा कपडे घ्यायला बेळगावला आला. आम्ही दिवसभर खडेबाजारात फिरलो. (खडेबाजारातच हे घडावं, हा माझा पदरचा नाटकीपणा नाही, गावानं ते नाव माझी वाट न बघता ठेवलंय.) संध्याकाळी माझ्या घरी येऊन त्यानं दारात चपला काढल्या, आणि डाव्या चपलेतून एक खडा घरंगळला. हरभऱ्याएवढा. तो ओला होता. चपलेचा तळही ओला होता, आणि अण्णा आत येईल तशी फरशीवर एकाच पायाची लाल पावलं उमटत गेली. लक्ष्मीची काढतात तशी. आत येणारी.

"अण्णा, दुखलं न्हाय?"

"काय?" त्यानं विचारलं.

तो खुर्चीत बसला, पाय गुडघ्यावर घेतला आणि अंगठ्याखालच्या भोकाकडे असा बघायला लागला, जणू शेजाऱ्याचा पाय कुणी त्याच्याकडे ठेवायला दिलाय. दिवसभर खडा मांसात शिरत होता आणि त्याला पत्ता नव्हता. मी जखम धुतली. काहीतरी बोलायचं म्हणून मी तेव्हा त्याला पहिल्यांदा शब्दाची गोष्ट सांगितली: शर्करा म्हणजे खडा, मग शकर, सुक्कर, शुगर. त्यानं नीट ऐकलं आणि खो खो हसला.

"म्हंजे जलमभर कारखान्यात म्या खडंच पाडलं म्हण की!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जायचं, असं मी ठरवलं होतं. सकाळी उठून बघतो तर तो पहिल्या गाडीनं गावाला गेला होता. तिकडं त्यानं जखमेत तंबाखूची भुकटी भरली. निपाणीच्या बाजूला तंबाखूची भुकटी घरोघर सापडते आणि विळा लागला, कुऱ्हाड लागली की रक्त थांबवायला तीच दाबतात. रक्त थांबलं. मग जखमेच्या कडा काळ्या पडायला लागल्या.

मी फोनवर ओरडलो, गाडी घेऊन गेलो, हात धरून ओढला. त्यानं खांब धरला. "दवाखान्यात ग्येल्यावर पयलं काय इचारत्यात? शुगर हाय का. मग ती नर्स कुणाची तरी पावणी निघती. सांबऱ्याचं निम्मं गाव बेळगावच्या दवाखान्यांत कामाला हाय. साखरपुडा हुं दे. दुसऱ्या दिशी तू म्हणशील त्या डाक्टरकडं येतो. पोरीची शपत."

मी वहिनींकडे वळलो. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "म्या काल पाय धरलं त्यांचं. त्योच पाय धरला, भावजी, घट्ट. त्यांना कळलं बी न्हाय."

आणि म्हणून मंगल कार्यालय, फेटा आणि माइक. सकाळीच अण्णानं मला बाजूला घेतलं. कपाळ तापलेलं होतं, डोळे काचेसारखे. थंडीचे दिवस होते म्हणून मोजे खपून गेले. डाव्या पायात एकावर एक दोन होते. "म्या दारात हुबा ऱ्हातो," तो म्हणाला. "पोरीच्या बापानं दारात हुबं ऱ्हायाचं असतं. पर जमंना झालं की तुझ्याकडं बगतो. मग तू बोलाय लाग. काय बी बोल. समदी तुझ्याकडं बगत्याली, म्या बसून घेतो. व्याहीभेटीला बोलीवलं की उठतो."

वहिनींनी कार्यालयभर उदबत्त्या लावल्या होत्या; कोपऱ्या-कोपऱ्यात जुडगेच्या जुडगे. वरपक्षाच्या एक आजीबाई श्वास भरून घेत म्हणाल्या, "लई धार्मिक वातावरण हाय हो तुमच्यात!" उदबत्तीखालून दुसरा वास येत होता. ज्याला माहीत होतं त्यालाच येत होता.

पोरीच्या ओटीत साखरेची पुडी घातली गेली. बापाचा ताप तिला ठाऊक नव्हता. ती मुलाकडे बघून ओठ दाबून हसत होती. अण्णानं माझ्याकडे बघितलं. मी माइक उचलला आणि ती घोषणा केली. लोक हसले, माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या पाठीमागं अण्णा मंचाच्या कोपऱ्यात हळूहळू, हातांनी खुर्ची चाचपत, खाली बसला.

मी त्या दिवशी जसा बोललो तसा परत कधी बोललो नाही. अरबांचे उंट चालवून दाखवले. फ्रेंच माणूस स्युक्र म्हणताना ओठांचा चंबू कसा करतो, ते करून दाखवलं. खडीसाखरेसाठीचा 'खंड' हा संस्कृत शब्द युरोपात जाऊन कँडी कसा झाला, तेही घुसडलं. अण्णानं मान हलवून 'अजून' अशी खूण केली, तेव्हा काही कारण नसताना जर्मनीतून परत फ्रान्सला आलो. मोज्यावर अंगठ्याच्या जागी एक पिवळट डाग आला होता आणि तो पसरत होता. पेढे वाटताना मंचावर कण सांडले होते, तिथं मुंग्या होत्या. काही मुंग्या पेढ्याचे कण ओलांडून मोज्याकडे निघाल्या होत्या. मी त्या वेळी स्पेनमध्ये होतो. स्पेनमध्ये मी जरा जास्तच वेळ थांबलो.

मग व्याहीभेट पुकारली. अण्णा उठला. कसा उठला, ते मला अजून कळलेलं नाही. दोघांनी एकमेकांच्या कपाळी गंध लावलं, टोपी-टॉवेल दिले, मिठी मारली. अण्णानं मिठी जरा लांबवली, कारण त्या मिठीवरच तो उभा होता. तोंड गोड करायची वेळ आली. व्याह्यांनी अण्णाच्या हातातल्या पेढ्याचा दाताच्या टोकानं कण घेतला आणि उरलेला पेढा कोटाच्या खिशात सरकवला. मी मनात म्हटलं, काय हा तोरा! अण्णानं मात्र त्यांच्या हातचा अख्खा पेढा तोंडात घातला, आणि टाळ्या पडल्यावर दुसराही.

शपथ त्यानं पाळली. दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरकडे आला. म्हणजे त्याला आणला. गाडीत मागच्या सीटवर आडवा, बरळत, काच खाली करूनही श्वास घेता येऊ नये अशा वासात. तो पॅनच्या काचेतून दाणा बघत होता. "उतरवा, उतरवा," म्हणत होता, "जळंल."

बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दोन्ही मोजे कातरून काढले. मग त्यांनी बोट आडवं धरून गुडघ्याच्या खाली एक रेघ दाखवली. आधी आणलं असतं तर बोटावर निभावलं असतं, असं ते म्हणाले. वहिनी भिंतीला टेकून खाली बसल्या. पोरगी उभीच होती. तिला सगळं त्याच दिवशी, त्याच व्हरांड्यात कळलं: गोळ्या, हॉटेल, जिलेबी, खडा.

अण्णा शुद्धीवर आल्यावर ती त्याच्या उशाशी बसली. हातावरची साखरपुड्याची मेंदी अजून लाल होती.

"आप्पा, मला का न्हाय इचारलंसा?"

अण्णानं तिचा मेंदीचा हात आपल्या हातात घेतला.

"मी नको म्हणलं असतं त्या लग्नाला. म्हणून न्हाय इचारलं, व्हय ना?"

"तुझं हसू बगितलं हुतं गं फोनवर," अण्णा म्हणाला. एवढंच.

पण गोष्ट संपली नव्हती. पाय गेला होता, आणि ज्याच्यासाठी गेला ते लग्न अजून व्हायचं होतं. अण्णानं मला जवळ बोलावून बजावलं: सांबऱ्याला कळवायचं ते असं की मोटरसायकलवरून पडलो. पाय चिरडला, काढावा लागला. शुगरचा 'शु' निघता कामा नये. "पाय गेला त्यो गेला," तो म्हणाला. "आता सोयरीक ग्येली तर म्या त्यो फुकटच दिला."

तेव्हा मी ती कामगिरी घेतली. फोनवर व्याह्यांना सांगितलं, आणि सांगताना त्यात एक म्हैस घातली, उतार घातला, तुटलेला ब्रेक घातला. व्याही तासाभरात हजर. सांबरा ते बेळगाव अंतर ते किती! हातात शहाळी आणि सफरचंदांची पिशवी, मिशा खाली उतरलेल्या. मी त्यांना वॉर्डाच्या दारातच गाठलं आणि म्हैस पुन्हा एकदा आडवी घातली. ते ऐकत होते, मान हलवत होते, आणि माझ्या खांद्यावरून आत बघत होते. वहिनी पलंगाच्या एका बाजूला, पोरगी दुसऱ्या बाजूला. अण्णानं पांढरी चादर छातीपर्यंत ओढून घेतली होती. चादर उजवीकडे पायाच्या बोटांपर्यंत उंच होती. डावीकडे मध्येच सपाट झाली होती.

व्याही पलंगाशी आले. "काय झालं ओ हे पावणं?" म्हणून त्यांनी अण्णाचा हात धरला. अण्णानं उतार, ब्रेक आणि म्हैस माझ्याच शब्दांत सांगायला सुरुवात केली. म्हैस रस्त्यात आली, आणि तेवढ्यात दारातून नर्सबाई ट्रे घेऊन आत शिरल्या. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा खणखणीत कन्नडमध्ये त्यांनी हाक दिली:

"शुगर पेशंट अटेंडर यार्री?"

शुगरच्या पेशंटबरोबर कोण आहे. कन्नड आम्हा सगळ्यांनाच येतं. व्याह्यांनाही येतं. नर्सबाई सरळ अण्णाच्या पलंगाशी आल्या, त्याच्या दंडावर इन्सुलिनची सुई टोचली, आणि आता गोड काही द्यायचं नाही, शहाळंसुद्धा नाही, असं व्याह्यांच्या पिशवीकडे बघून सांगून गेल्या.

साऱ्या युरोपाची सहल करवून आणणारा माझ्या तोंडाचा पट्टा त्या म्हशीपाशीच अडला. पोरीनं डोळे मिटले. आणि अण्णा, ज्यानं खांब धरून मला दाद दिली नव्हती, तो दोन्ही कोपर टेकून उठायला लागला. त्याला पाय खाली सोडून उभं राहायचं होतं. व्याह्यांसमोर पडून बोलणं बरं दिसत नाही म्हणून. चादर घसरली आणि पट्ट्या बांधलेलं ते आखूड टोक सगळ्यांसमोर आलं. त्यानं ते झाकलं नाही. त्यानं हात जोडले.

"पावणं, चुकलं. शुगर हाय मला. पयल्यापासनं हाय. म्या लपवलं. गोळ्या सोडल्या, तुमी चौकशीला याल म्हणून. पर पोरीच्या अंगात काय न्हाय ओ. पायजे तर तपासून घ्या, तुमी म्हणशीला त्या दवाखान्यात. माझं काय बी म्हणा, पर पोरीची सोयरीक मोडू नगा. ह्यो पाय म्या त्याच्यासाठी दिला."

व्याह्यांच्या हातातली पिशवी खाली गेली. एक सफरचंद घरंगळत पलंगाखाली गेलं. कुणी उचललं नाही. ते स्टुलावर बसले. त्यांनी अण्णाकडे बघितलं, त्या टोकाकडे बघितलं, परत अण्णाकडे बघितलं. मग त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि चहावर टिचकी मारलेली ती चिमुकली डबी बाहेर काढली. ती तळहातावर धरून ते तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. उपवास, दुखरा दात, कोटाच्या खिशात गेलेला पेढा, सगळं माझ्या डोळ्यांपुढं एका रांगेत येऊन उभं राहिलं, आणि मला ओरडून त्यांना थांबवावंसं वाटलं, कारण आता ते जे बोलणार होते ते अण्णानं ऐकू नये, असं मला फार वाटलं. पण मला उशीर झाला होता. तो भरगच्च माणूस लहान मुलासारखा हुंदका देऊन ओरडला:

"अवो पावणं, आमच्या घरात देव सोडला तर समद्यांस्नीच हाय की ओ शुगर!"